तारणावरचं परदेश

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. शिक्षण शिष्यवृत्तीवर, प्रवासखर्चाला सयाजीराव महाराजांचा हात. तिथला समाज त्यांनी डोळे भरून पाहिला, मराठी वाचकांसाठी लिहिलाही. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं.

आज आपल्या संगमनेर-राहुरीकडची मुलंही युरोपातल्या अशा जुन्या शहरांत शिकायला जातात, पण बहुतेक कर्ज काढून. बँकेत असताना अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. साधारणपणे साडेसात लाखांपुढे तारण लागतं. बहुधा वडिलांचं राहतं घरच. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र आधीपासूनच चढत जातं. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. मग शतकांपूर्वीच्या दगडी कमानीखालून जातानाही पोराच्या डोक्यात पौंडाचे रुपये होत राहतात. घरी पहिल्या फोनवर तो सांगतो खोलीचं भाडं आणि पावाचा भाव.

दोष त्याचा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जागा मोजक्या. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी, पतसंस्थांनी दरवर्षी दोन-चार मुलांचा भार उचलला, तर ती पदवीबरोबर चार नव्या गोष्टीही पाहून येतील.