हेल्मेटची निवड कोणाची?

महाराष्ट्रात हेल्मेटचा प्रश्न निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक पोलीस खात्याचा, जो दंडाच्या पावतीपलीकडे जात नाही. दुसरा सक्तीविरोधाचा, त्याचे माहेर पुणे. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा मोर्चे निघाले, नागरी स्वातंत्र्याची भाषणे झाली, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या गदारोळात, ज्याचे डोके रोज मुंबई-आग्रा महामार्गावर पणाला लागते तो नरडाण्याचा कामगार कोठेच नव्हता. खेदाची गोष्ट अशी की, दंडाचा जाच गरिबालाच होतो एवढ्या एका कारणावरून आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांनीही सक्तीविरोधकांच्या सुरात सूर मिसळला. ही भूमिका दिसायला श्रमिकांच्या बाजूची असली तरी परिणामाने ती श्रमिकांच्या विरोधात जाते.

नरडाण्याची परिस्थिती पाहावी. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना सोनगीर मागे पडले की नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक, महामार्ग आणि औद्योगिक वसाहत या तिन्हींची येथे गाठ पडते. शिंदखेडा, बेटावद, सोनगीर, शिरपूर आणि आसपासच्या खेड्यांतून कामगार येथे येतो. पाळी सकाळी सुरू होवो की मध्यरात्री संपो, गाडीचे वेळापत्रक वा एस.टी.ची फेरी त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो. ही चैन नव्हे. ज्या सार्वजनिक वाहतुकीची जबाबदारी शासनाने घ्यावयाची तिचा खर्च कामगाराने स्वतःच्या खिशातून भरला, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो चालतो कोणत्या रस्त्यावर? इंदूरकडून येणारे कंटेनर आणि मालमोटारी ज्यावरून अहोरात्र धावतात त्या रस्त्यावर. ४ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर, शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ, ब्रेक निकामी झालेल्या मालवाहू वाहनाने मोटारसायकली, मोटार व दुसरे अवजड वाहन यांना धडक देऊन थेट हॉटेलात मुसंडी मारली. किमान १० माणसे गेली. असल्या आघातापुढे कोणतेही हेल्मेट पुरे पडत नाही, हे कबूल. पण रोजचे मरण पळासनेरसारखे वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. ते फाट्यावर उलट दिशेने आलेल्या ट्रॅक्टरमुळे, दुभाजकाच्या तुटक्या कडेमुळे, रात्री दिव्याविना उभ्या केलेल्या ट्रॉलीमुळे येते. माणूस घसरून पडतो आणि डोके डांबरावर आपटते. तेथे हेल्मेटने फरक पडतो.

किती फरक पडतो, हे आता अंदाजाने बोलण्याचे राहिलेले नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात असे आढळले की, हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार ५०,०२९ होते. ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. हे पन्नास हजार कोण होते याची वर्गवारी अहवाल देत नाही. पण ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांची ही यादी नव्हे, हे समजायला अहवालाची गरज नाही.

राज्यसंस्थेला डोक्याची किंमत केव्हा कळते, याचा इतिहास बोधप्रद आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा नामांकित सेनानी मोटारसायकलच्या अपघातात मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. युद्ध चालू होते. प्रशिक्षित सैनिक वाया जाणे परवडणारे नव्हते. सामान्य नागरिकासाठी तोच नियम त्या देशात यायला १९७३ उजाडले.

आपल्याकडे कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही लागू आहे, आणि हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे असेही ते सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद केली. कामगाराला कायद्याचा हा भाग तोंडपाठ असतो, कारण तो चौकाचौकात शिकवला जातो. दुसरा भाग मात्र त्याला कोणी शिकवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ असा आहे की, दुचाकी विकताना उत्पादकाने भारतीय मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट ग्राहकाला पुरवले पाहिजे. शिंदखेड्यात वा धुळ्यात हप्त्यावर गाडी घेणाऱ्या किती कामगारांनी हे हेल्मेट मागितले, आणि मागितले तर डोक्याचे माप घेऊन किती जणांना मिळाले? नव्या गाडीबरोबर दोन हेल्मेटे द्यावीत असा मसुदा केंद्र सरकारने २०२५ च्या जूनमध्ये काढला. म्हणजे मागे बसणाऱ्या बाईलाही डोके असते, हे सरकारच्या ध्यानात यायला इतकी वर्षे लागली.

तीच कथा बाजाराची. १ जून २०२१ पासून अंमलात आलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने दुचाकीस्वारांसाठी आय.एस. ४१५१ या मानकाची खूण नसलेले हेल्मेट बनवणे वा विकणे बेकायदा ठरले. २०१६ च्या मानक ब्युरो कायद्याने अशा गुन्ह्याला कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही सांगितले. तरीही हमरस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांची चकचकीत टोपली टांगलेली दिसतात. ती विकणाऱ्याच्या मागे असलेल्या कारखानदाराला हात लागत नाही. ती घालणाऱ्याला मात्र पोलीस सोडून देतो, कारण डोक्यावर काहीतरी आहे एवढे त्याला पुरते. अस्सल हेल्मेट याच्या तिप्पट-चौपट किमतीला, आणि त्यावर सरकारचा कर! २०२४ साली हा वस्तू व सेवा कर १८ टक्के होता. ज्या वस्तूवाचून रस्त्यावर येणे गुन्हा, तिच्यावरच असा कर, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

या परिस्थितीत मध्यमवर्गीय सल्लागार कामगाराला सांगतात, ‘हेल्मेटची निवड काळजीपूर्वक करा.’ निवड करायला ऐपत लागते आणि माहितीही लागते. ऐपतीचा प्रश्न संघटनेने लढवायचा आहे. माहिती आजच देता येते, आणि ती देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वसाहतीत एक भ्रम विशेष घातक आहे. कारखान्यात मिळालेली पिवळी टोपी घालूनच मोटारसायकल चालवण्याची सवय. ही टोपी आय.एस. २९२५ या वेगळ्या मानकाची, वरून पडणाऱ्या वस्तूपासून रक्षण करण्यासाठी केलेली असते. तिच्या आत पट्ट्यांची जाळी असते. रस्त्यावर डोके बाजूने, मागून, कपाळावर आपटते. तेथे ही टोपी पहिल्या धक्क्यालाच उडून जाते. मोटारसायकलच्या हेल्मेटात कठीण कवचाच्या आत थर्मोकोलचा जाड थर असतो. तो आघाताने दबतो, चिरडतो आणि त्यामुळे डोके एकदम न थांबता क्षणभर उशिरा थांबते. मेंदू वाचतो तो या क्षणामुळे. म्हणून आत नुसता स्पंज व कापड असेल तर ते हेल्मेट नव्हे. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही.

घेताना भुवयांच्या वरून डोक्याचा घेर फितीने मोजावा. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबरच फिरले पाहिजे. पट्टा लावून मागच्या बाजूने वर ढकलून पाहावे. ते पुढे निघून आले तर कितीही स्वस्त असो, परत करावे. खूण केवळ चिकटवलेली आहे की तिच्याबरोबर परवाना क्रमांक व मानकाचा क्रमांक आहे, हे पाहावे. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट अर्ध्यापेक्षा निःसंशय चांगले. काच रात्रपाळीसाठी स्वच्छ हवी, काळी नको. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा हेल्मेट डोक्यावर ठेवणे हा छळ वाटतो, ही तक्रार खोटी नाही. फिका रंग व हवेची भोके असलेले घ्यावे, आत पातळ सुती कापड चालेल. परंतु जाड रुमाल गुंडाळून त्यावर सैल हेल्मेट अडकवणे म्हणजे माप बिघडवून घेणे होय. आणि आरशाला लटकवलेल्या हेल्मेटाचा उपयोग फक्त पोलिसापुरता.

आता मूळ मुद्दा. कामगार घरून कारखान्यात जातो तो रस्ता कामाचा भाग आहे की नाही? २०१० साली कामगार राज्य विमा कायद्यात कलम घालून संसदेने ‘आहे’ असे उत्तर दिले. घर व काम यांच्या दरम्यानचा अपघात, कामाशी त्याचा संबंध असेल तर, कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आहे. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना मेला. भरपाईचा त्याच्या कुटुंबाचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२५ च्या जुलैत लागला. बावीस वर्षे! रस्ता जर कामाचा भाग असेल तर हेल्मेट हे कामाचे साधन आहे. हातमोजे आणि बूट मालक देतो, मग रस्त्यावरचे हेल्मेट कामगाराने का विकत घ्यावे?

सक्तीविरोधाच्या घोषणेत सामील झालो की ही मागणी करण्याचा आपला अधिकारच संपतो. ज्याला हेल्मेट नकोच आहे त्याला मालक ते कशाला देईल? शिवाय आपल्या मोटारसायकल फेऱ्या आठवाव्यात: हातात झेंडा, डोक्यावर टोपी वा रुमाल, मागे दोघे बसलेले, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. असा जथा शिंदखेड्याहून नरडाण्याला येऊन कामगारांच्या सुरक्षिततेवर भाषण करतो तेव्हा श्रोते सभ्य असतात म्हणूनच हसत नाहीत. येथून पुढे पक्षाच्या फेरीत हेल्मेटवाचून कोणाला घेऊ नये, आणि मागे बसणाऱ्यालाही ही सवलत देऊ नये.

संघटनेने पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात प्रत्येक कामगारामागे मानकाप्रमाणे दोन हेल्मेटांची मागणी घालावी, ठराविक मुदतीनंतर व प्रत्येक अपघातानंतर ती बदलून मिळावीत असे लिहून घ्यावे, आणि नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येक कामगाराबरोबर एक कार्यकर्ता विक्रेत्याकडे जाऊन नियम १३८ प्रमाणे हेल्मेट मागेल अशी व्यवस्था करावी. मागणीपत्राआधी गेट-सभेत डोक्यांची मापे घेऊन यादी करावी लागेल. कंत्राटी कामगाराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती यादी त्याच्यापासून सुरू करावी.