लॅपटॉप तुमचा, किल्ली कुणाची?

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉप निळा झालाय. अठ्ठेचाळीस आकडी नंबर मागतोय. तो कुठून आणू?"

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा रिपोर्ट त्याच लॅपटॉपमध्ये. सबमिशनला नऊ दिवस. आदल्या रात्री बायोस अपडेट आलं, तिने ‘ओके’ दाबलं. सकाळी डिस्कला कुलूप.

हे कुलूप तिने लावलेलं नव्हतं. लावलंय हेही तिला ठाऊक नव्हतं.

अशा कुलपाची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, बहुतेक वेळा ज्या खात्यावरून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. आता गंमत ऐका. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने "थांबा ताई, मी सगळं सेट करून देतो" म्हणत स्वतःच्याच ईमेलने तो चालू करून दिला होता. पोरगा दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला. दुकानदार म्हणतो, "आमच्याकडे काही नोंद नाही. फॉरमॅट करा."

फॉरमॅट करा! जणू पाटीवरची अक्षरं पुसायची आहेत. रिपोर्ट गेला, दोन वर्षांच्या नोट्स गेल्या. ईमेलवर पाठवलेला एक जुना मसुदा सापडला तेवढाच.

बरं, फॉरमॅट तरी सुखाने व्हावं? पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केलं, तर पडद्यावर आलं, एकही ड्राइव्ह सापडत नाही. दुसऱ्या दुकानात नेला. तिथला निदान करून मोकळा: "एसएसडी गेली. नवीन टाकावी लागेल, साडेचार हजार." एसएसडी ठणठणीत होती! २०२० नंतरच्या, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेज व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असतं. त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरला दिला नाही तर डिस्क असूनही दिसत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. पण मिळतो तो ‘ईएक्सई’ फाइल म्हणून, आणि इन्स्टॉलरला ती चालत नाही. ती उलगडून आतलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं, मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबायचं. हे पडद्यावर कुठे लिहिलंय? कुठेच नाही.

पुढची पायरी. सेटअप इंटरनेट मागतो, आणि वायफायचाच ड्रायव्हर नाही. म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशी! शेवटी मोबाइल केबलने जोडून, यूएसबी टेदरिंग करून गाडी पुढे गेली.

आणि कळस म्हणजे त्याच दुकानात "ओरिजिनल विंडोज" टाकायचे अडीच हजार वेगळे सांगितले होते. अहो, २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपची लायसन्स की सहसा मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. आपण एकदा पैसे भरलेले असतात. तेच पुन्हा मागितले जातात, आणि पैसे घेऊन कित्येकदा क्रॅक केलेली कॉपी टाकली जाते.

आता तुम्ही म्हणाल, ही घरगुती रड सार्वजनिक कशाला? कारण ती घरगुती राहिलेली नाही. सीईटीचा फॉर्म ऑनलाइन, महाडीबीटीची स्कॉलरशिप ऑनलाइन, एमपीएससीचा अर्ज ऑनलाइन. शेवटच्या तारखेला लॅपटॉप बंद पडला तर सरकार थांबत नाही. एखादी वस्तू नागरिकाला सक्तीची केली, की ती दुरुस्त करता येण्याची हमीही द्यायला नको?

दुसरं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६-१७ चा, उत्तम चालणारा लॅपटॉप एका दिवसात ‘अपात्र’. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिथल्या घरगुती ग्राहकांना एक वर्षाचे सुरक्षा अपडेट फुकट दिले. आपल्याला? एक तर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चढवा, नाहीतर रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर मोजा. युरोपातला ग्राहक ग्राहक, आणि आपण काय, गिऱ्हाईक?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आणि दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रू, बॅटरी आणि स्क्रीन असाच समज अजून आहे. आजचा लॅपटॉप अडतो तो कुलपावर, ड्रायव्हरवर आणि खात्यावर. त्याबद्दल कोण बोलणार?

काही मित्र लगेच म्हणतील, एन्क्रिप्शन सुरक्षेसाठीच असतं. मान्य! लॅपटॉप चोरीला गेला तर तेच आपल्याला वाचवतं. मी कुलपाच्या विरोधात नाही. घर घेताना बिल्डरने न सांगता दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सुताराच्या खिशात राहिली, तर त्याला सुरक्षा म्हणायचं का? विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. म्हणजे उद्या अशा भाच्या-पुतण्या घरोघरी निघतील.

काही म्हणतील, लिनक्स टाका. तेही मान्य, आणि मी टाकतोही. केरळने सरकारी शाळांमध्ये ‘काइट’ संस्थेमार्फत स्वतःचं लिनक्स वर्षानुवर्षं चालवून दाखवलंय, तेही मल्याळममध्ये. आपल्या देशात सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स आहे, आणि सी-डॅकचं मुख्यालय आहे पुण्यात! पुण्यातल्या संस्थेची सिस्टिम महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दिसते, हे पालकांनी एकदा जाऊन बघावं. जुनी मशीनं भंगारात जाण्याआधी त्यांना हा दुसरा जन्म देता येतो.

दुकानातल्या पोरावर माझा राग नाही. त्याला आठ हजार पगार, प्रशिक्षण शून्य, यूट्यूबवर शिकलेला. राग आहे तो या साखळीवर. कंपनी म्हणते दुकानदाराला विचारा, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, आणि सरकार म्हणतं ऑनलाइन तक्रार करा. कशावरून करू? लॅपटॉप बंद आहे ना!

मागण्या साध्या आहेत.

१. लॅपटॉप विकताना बिलासोबत छापील कागद द्या: एन्क्रिप्शन चालू आहे का, की कुठे ठेवली आहे, लायसन्स कोणतं.
२. ग्राहकाच्या स्वतःच्या खात्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही ईमेलने लॅपटॉप सुरू करून देण्यावर बंदी.
३. स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर इन्स्टॉलरला थेट चालतील अशा स्वरूपात देण्याची सक्ती.
४. सूचना मराठीत, आणि खऱ्या. ‘ड्राइव्ह नाही’ आणि ‘ड्रायव्हर नाही’ यात साडेचार हजारांचा फरक आहे.

आणि सरकार जागं होईपर्यंत, आज रात्री एवढं करा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की शोधा आणि वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपमध्ये नको, वहीत! लॅपटॉप कुणाच्या ईमेलवर आहे ते तपासा. महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा. आणि कुणी "डिस्क गेली" म्हणालं तर पैसे काढण्याआधी विचारा, "ड्रायव्हर लोड करून बघितला का?"

भाचीने नऊ दिवसांत रिपोर्ट पुन्हा लिहिला. रात्री जागून, रडत, पण लिहिला. सबमिशन झालं. परवा म्हणाली, "मामा, आता की कपाटात आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलीय."

योग्य जागी ठेवली. पण ती जागा विक्रीच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवी होती.

पटलं तर शेअर करा. कॉपी-पेस्ट केलं तरी चालेल, नाव नको. पण ज्यांची मुलं यंदा कॉलेजला जातायत त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.