शक, सन आणि घरचें दप्तर

उन्हाळ्यांत माथेरानास जाणाऱ्या मंडळींना तेथील टोकांचीं नांवें तोंडपाठ असतात. लुइझा, अलेक्झांडर, शार्लट तलाव हीं सर्व नांवें, ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं हें ठिकाण नजरेस आणल्यानंतरचीं. त्याच डोंगरावर वन ट्री हिलजवळून एक अवघड वाट खालीं उतरते, तिला मात्र शिवाजीची शिडी म्हणतात. आणि दरीपलीकडे प्रबळगड उभा दिसतो. कोणत्या काळीं कोणाचा अंमल होता, हें जागांच्या नांवांवरून असें सहज उमगतें. परंतु राज्यकर्ते जागांनाच नांवें देतात असें नाहीं. ते काळालाहि नांव देतात. आजचा आमचा विषय हाच आहे.

काळाला नांव देण्याची चाल जपानांत इ. स. ६४५ मध्यें सुरू झाली व ७०१ पासून ती अखंड आहे. नवा बादशहा गादीवर आला, भूकंप झाला, रोगाची सांथ आली किंवा शुभचिन्ह दिसलें, कीं दरबारचे पंडित चिनी ग्रंथांतून अक्षरें निवडून नवें वर्षनाम ठरवीत व वर्षांची मोजणी पुन्हा एकापासून सुरू होई. आपल्या प्रभवादि साठ संवत्सरांप्रमाणें तिकडेहि साठ वर्षांचें चक्र आहे. फरक इतकाच कीं, आपलीं साठ नांवें, राजा कोणीहि असो, ओळीनें येतात. तेथील वर्षनाम दरबार निवडतो. १८६८ पासून एका बादशहास एकच नांव असा नियम झाला, आणि १ मे २०१९ रोजीं रैवा हें नांव सुरू झालें.

चौदाव्या शतकांतील एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. कामाकुरा येथील लष्करी सरकार १३३३ सालीं कोसळलें व गो-दाइगो बादशहाच्या हातीं सत्ता परत आली. दुसऱ्याच वर्षीं त्यानें केम्मु हें वर्षनाम घातलें. तें मुळांत चीनमधील. हान घराण्याचें बुडालेलें राज्य पुन्हा उभारणाऱ्या क्वांग-वू बादशहानें तें इ. स. २५ मध्यें घेतलें होतें. गेलेली सत्ता परत मिळविणारा मीहि तसाच, हें गो-दाइगोस दोन अक्षरांत सांगावयाचें होतें. परंतु ज्या सरदारांनीं लढाई जिंकून दिली, त्यांचें समाधान त्याला करतां आलें नाहीं. आशिकागा ताकाउजि हा सरदार उलटला; बादशहा योशिनोच्या डोंगरांत गेला आणि क्योतो येथें दुसरा बादशहा बसला. मौज अशी कीं, १३३६ सालीं खुद्द गो-दाइगोनें केम्मु नांव टाकलें, आणि त्याच्या शत्रूंनीं तें १३३८ पर्यंत चालविलें! पुढें १३९२ पर्यंत दोन दरबारांचीं दोन वर्षनामें एकाच देशांत चालत होतीं. त्या वेळच्या कागदावर कोणतें नांव आहे, यावरून लिहिणारा कोणत्या पक्षाचा होता, हें आज इतिहासकारांस ओळखतां येतें.

आपल्या महाराष्ट्रांत याच्या जवळची गोष्ट रायगडावर घडली. शके १५९६, आनंदनाम संवत्सरीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस शनिवारीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला व त्याच दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. तेथें हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या गणनेनें तो १६७४ च्या जूनची ६ तारीख होती. इंग्रज तेव्हां जुनें पंचांग वापरीत, हल्लींच्या पंचांगानें ती १६ जून येते. विजापूर व दिल्ली येथील दप्तरें हिजरी सनानें चालत असतां स्वतःचा शक घालणें, म्हणजे हें राज्य कोणाच्या पदरचें नाहीं असें जाहीर करणेंच होय. शिवाय शकाला नांव मिळालें तें राजाचें नव्हे, अभिषेकाचें. म्हणूनच पुढें राजे बदलले तरी मोजणी थांबली नाहीं. सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, तरी दोन्हींकडील पत्रांत शक एकच राहिला. जपानांत तंटा झाला तेव्हां वर्षेंहि वांटलीं गेलीं; आमच्याकडे राज्य वांटलें गेलें, पण वर्षें वांटलीं गेलीं नाहींत.

हा शक वाचण्याची रीत सोपी आहे. त्यांत १५९५ मिळविले असतां शालिवाहन शक येतो. मात्र चैत्रापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतच्या तिथीस १५९६ मिळवावे, कारण राज्याभिषेकाचें वर्ष त्रयोदशीस बदलतें. उदाहरणार्थ, राज्याभिषेक शक ८७, पौष शुद्ध अष्टमी. हे शके १६८२ झाले. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१, म्हणजे पानिपतचा दिवस.

परंतु याच दिवसाचा कागद पेशव्यांच्या फडावरचा असेल, तर त्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असा अरबी शब्दांतील शुहूर सन, म्हणजे ११६१, आढळावयाचा. हा सन मृगाच्या सुमारास बदले. पेरणी व वसुली यांच्याशीं त्याची सांगड सहज बसे, म्हणून राज्य स्वतंत्र झाल्यावरहि कारकुनांनीं तो सोडला नाहीं. घरांतील संकल्पांत तर शालिवाहनच कायम होता. शक सुरू करणें राजाच्या हातीं असतें, तो टिकविणें मात्र लिहिणाऱ्यांच्या हातीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें, आणि राज्याभिषेक शकाचा दप्तरांतील आधार तुटला. आज ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस व ६ जूनला, असे दोन्ही दिवस रायगडावर उत्सव होतो. पण त्या शकानें तारीख घातलेला कागद हातीं आल्यास वाचूं शकणारे किती निघतील?

आम्ही हें लिहितों त्याचें कारण हेंच. असे कागद केवळ सरकारी दप्तरांतच नसतात. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध केलीं, तीं बव्हंशीं घरोघरच्या रुमालांतून मिळालेलीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेली जेधे शकावली ही एका देशमुख घराण्याची टिपणवही; शिवजन्मतिथीचा वाद तिच्यामुळेंच नव्यानें उभा राहिला. जुने वाडे पाडून नव्या इमारती होत असतांना माळ्यावरचीं गांठोडीं रद्दींत जातात, तेव्हां त्यांत काय होतें हें कोणासच कळत नाहीं.

तरी वाचकांस आमची विनंती अशी कीं, घर हलवितांना मोडी कागद आढळल्यास ते टाकूं नयेत, प्लॅस्टिकांत चिकटवूं नयेत, मूळ कागदावर शाईनें कांहीं लिहूं नये. काढलेली तारीख निराळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनें टिपावी व कागद जाणत्यास दाखवावा. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामासाठीं आहे. आणि हें काम घरांतील वडील माणसांनीं मुलांना जवळ घेऊन करावें. पणजोबांच्या एका पावतीवरील सन स्वतः सोडविलेलें मूल शंभर सनावळ्या पाठ करणाऱ्यापेक्षां इतिहासाच्या अधिक जवळ जातें.