खामगावचा कापूस आणि अमेरिकेचा इतिहास

अमेरिकेतल्या हायस्कूलात इतिहासाच्या तासाला काय शिकवतात, हा प्रश्न बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाने का विचारावा? मेहकर, लोणार, चिखलीच्या पोराला त्याचे काय? इथे शाळेच्या छताचा पत्रा उडालेला असतो, शिक्षकाची जागा रिकामी असते आणि तुम्ही वॉशिंग्टन, लिंकनच्या गप्पा काय मारता, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलटे आहे. अमेरिकेचा इतिहास समजून घेण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांना सर्वात आधी पोहोचतो, त्यात बुलडाणा आहे. कारण तो इतिहास एके काळी गाठी बांधून आमच्याच खामगावात उतरला होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या मळेवाल्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती. त्यासाठी ती संघराज्यातून फुटून निघाली. लिंकनच्या सरकारने त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर याच दक्षिणेतून, गुलामांच्या हातून वेचला जाऊन येत असे. तो थांबला आणि मँचेस्टरचे धनी कासावीस झाले. त्यांची नजर पडली हिंदुस्थानावर, आणि हिंदुस्थानात वऱ्हाडावर. निजामाकडून १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलेलाच होता. काळी जमीन होती, राबणारी माणसे होती. भाव कडाडले. ज्वारीची राने कापसाखाली जाऊ लागली.

युद्ध १८६५ साली संपले. मुंबईत कापसाच्या पैशावर उभा राहिलेला शेअरबाजाराचा फुगा त्याच वर्षी फुटला, बँका बुडाल्या. पण वऱ्हाड आता इंग्रजांच्या कापसाच्या हिशेबातून सुटणार नव्हता. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. जेमतेम तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरूनच तिथल्या कापूस बाजाराचे मोल ओळखावे. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव तारेवर येऊ लागला आणि खामगावच्या बाजारात गाडी सोडून बसलेल्या शेतकऱ्याचे नशीब त्यावर ठरू लागले. तो भाव कोणी ठरवला, का ठरवला, हे त्याला कधी कळले नाही. आजही कुठे कळते?

आमच्या भागात रोज कानावर पडणारा एक शब्द घ्या. जिनिंग. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडची मुले जिनिंगच्या फाटकावरून शाळेत जातात. हा शब्द आला सरकी काढणाऱ्या 'जिन' या यंत्रावरून. ते यंत्र एली व्हिटनी नावाच्या अमेरिकन माणसाने १७९३ साली तयार केले. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी होतात, असे आपल्याला शिकवले जाते. तिथे झाले नेमके उलट. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापसाची लागवड वाढली, लागवड वाढली म्हणून वेचणारे हात हवे झाले, आणि १७९० साली जे गुलाम सुमारे सात लाख होते ते १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि राबणारा कोणाच्या मालकीचा, हे विचारल्याशिवाय प्रगतीचा धडा पुरा होत नाही. हा धडा खामगावच्या शाळेइतका चांगला जगात दुसरीकडे कुठे शिकवता येईल?

वऱ्हाडातल्या या कापसाच्या भरभराटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. कापसाखाली गेलेली जमीन, सावकाराचे कर्ज आणि बाजारावर टांगलेले पोट, यांचा १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांशी असलेला संबंध त्यात उलगडला आहे. रेल्वे होती, तार होती, बाजारपेठ होती. माणसे तरी मेली. आणि त्यात आधी कोण मेले असतील, हे सांगायला आम्हाला पुस्तक लागत नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता आणि गावच्या विहिरीवर हक्कही नव्हता, ते.

हा सगळा व्यवहार चालू असतानाच पुण्यात एक माणूस अमेरिकेकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहत होता. महात्मा जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वार्थ सोडून झीज सोसली. अमेरिकेत गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. मुंबईचे शेटजी अमेरिकेच्या युद्धात कापसाचा भाव बघत होते आणि जोतीराव माणसाच्या मुक्तीचा भाव बघत होते. एकाच बातमीतून कोण काय उचलतो, यावर त्याची कुळी कळते!

आता त्यांच्या वर्गात जाऊन बसू. अमेरिकेत साऱ्या देशासाठी एकच पाठ्यपुस्तक नाही. प्रत्येक राज्य आपला अभ्यासक्रम ठरवते. कॅलिफोर्निया, टेक्सास या मोठ्या राज्यांना जे हवे ते प्रकाशक छापतात. देशाचा इतिहास साधारणपणे अकरावीच्या वर्गात शिकवला जातो. वरच्या पातळीच्या परीक्षेत एक प्रश्न असा असतो की मुलांसमोर त्या काळचे मूळ कागद ठेवतात. एखादे पत्र, कायद्याचे कलम, वर्तमानपत्रातला उतारा, व्यंगचित्र. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, त्याचा हेतू काय होता, याचा विचार करून मुलाने आपले मत मांडायचे. ही पद्धत आम्हाला मोलाची वाटते. आमच्याकडे 'कारणे द्या' हा प्रश्न असतो, पण कारणे गाइडमध्ये आधीच दिलेली असतात. पोराने ती फक्त द्यायची! आपल्या दहावीच्या २०१८ पासूनच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाठात वंचितांच्या इतिहासाचा आणि फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा उल्लेख आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण एका परिच्छेदाने आणि एका गुणाच्या प्रश्नाने ते पुस्तक मुलाच्या हातात येत नाही.

तरीही अमेरिकेच्या वर्गावर भुलून जाऊ नये. तिथल्या पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ खोटेच शिकवले. युद्धानंतर काळ्या माणसाला मत मिळाले, तो विधिमंडळात गेला, त्याच्या शाळा निघाल्या. १८७७ पर्यंत हा प्रयोग मोडून काढला गेला. मग इतिहासकार पुढे आले आणि त्यांनी सांगितले की काळा माणूस राज्य करण्याच्या लायकीचाच नव्हता. या मताचा सर्वात मोठा अड्डा कुठे होता? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. विल्यम डनिंग यांच्या भोवती. आणि डनिंग तिथे शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, आमचा बाप त्या विद्यापीठात शिकत होता! बाबासाहेबांनी तिथे अर्थशास्त्राचे २९ तर इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. आपण जयंतीच्या भाषणात कोलंबियाचे नाव घेतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. त्या वेळी त्या विद्यापीठात काय शिकवले जात होते आणि बाबासाहेबांनी त्यातले काय घेतले, काय टाकले, यावर किती वक्ते बोलतात?

डनिंगपंथी इतिहासाला खणखणीत उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस या कृष्णवर्णीय विद्वानाने, १९३५ साली. आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळांतली पाठ्यपुस्तकेच तपासायला घेतली आणि लहान मुलांच्या डोक्यात कोणता विखार भरला जातो ते उघडे केले. याच ड्यु बॉईसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास करणे आवश्यकच आहे, असा त्याचा आशय होता. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. ड्यु बॉईसनी आपुलकीने उत्तर दिले. मात्र साम्य आहे म्हणजे दोन्ही गोष्टी एकच, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून ती जगावी एवढी काळजी तरी मालक घेई; अस्पृश्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, हे त्यांनी आपल्या लेखनात स्पष्ट मांडले आहे. चळवळीतल्या तरुणांनी तुलना करावी, पण या फरकासह करावी.

आज तिथे पुन्हा तेच भांडण पेटले आहे. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सने गुलामगिरीला देशाच्या इतिहासाच्या मध्यभागी ठेवणारा '१६१९ प्रकल्प' छापला आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांना मिरची झोंबली. राज्याराज्यांतून कायदे निघाले. फ्लोरिडा राज्याने २०२३ च्या जानेवारीत आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा वरच्या पातळीचा विषय नाकारला. त्याच वर्षी जुलैत तिथल्या अभ्यासक्रमात असे वाक्य घातले की गुलामांनी काही कौशल्ये शिकली आणि काही वेळा त्यांचा त्यांना स्वतःसाठी फायदा झाला! २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शाळांतल्या तथाकथित 'विचार लादण्या'विरुद्ध आदेशच काढला. गुलामाला कौशल्य मिळाले, हे वाक्य आम्हाला ओळखीचे वाटते. वर्णव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी होती, हे आमच्याकडचे वाक्य त्याच भट्टीतले आहे.

आणि आमच्याकडे काय चालले आहे? २०१९ साली एनसीईआरटीने नववीच्या इतिहासातून कपड्यांचा सामाजिक इतिहास सांगणारा धडा काढला. त्यात त्रावणकोरच्या नाडर स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी लढावे लागल्याची हकीकत होती. २०२२ साली 'ओझे कमी करण्याच्या' नावाखाली बारावीच्या राज्यशास्त्रातले जनआंदोलनांचे प्रकरण गेले. दलित पँथरची माहिती त्याच प्रकरणात होती. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या पँथरने नाव घेतले ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे. म्हणजे अमेरिकेचा आणि आमचा धागा जिथे उघड दिसतो, नेमके तेच पान फाडले गेले. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक अवतरला, हे तर वाचक विसरले नसतील. ही मंडळी परदेशातही स्वस्थ बसत नाहीत. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली आणि पुन्हा २०१६ साली पाठ्यपुस्तकांतले जातीचे वर्णन सौम्य करावे किंवा काढावे म्हणून हिंदुत्ववादी संघटनांनी जोर लावला. तिथल्या आंबेडकरी लोकांनी सुनावण्यांत उभे राहून त्याला विरोध केला.

सर्वात बोचरी गोष्ट वेगळीच आहे. २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारताची संस्कृती, इतिहास, समाज या विषयांवर परदेशात संशोधन करायचे असेल तर शिष्यवृत्ती नाही! बाबासाहेबांचा १९१५ चा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यावर होता. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता. हाच नियम बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी लावला असता तर? आमच्या पोराने परदेशात जाऊन यंत्र शिकावे, हिशेब शिकावा, पण आपल्या गुलामीचा कागद मात्र वाचू नये, असा हा मतलब.

आता पुन्हा खामगावला येऊ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातकर लादला आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के कर उठवला. आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका वऱ्हाडातला कापूस घरात येण्याचा हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता, पण बाजारात गाडी उभी करणाऱ्याला त्याची किती खात्री? १८६१ साली अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून वऱ्हाड नाचवला गेला. २०२५ साली परदेशी कापसाला, त्यात अमेरिकेच्याही, दार उघडले गेले तेव्हा वऱ्हाडाला कोणी विचारलेही नाही. आणि या हिशेबात किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव तर दोन्ही वेळा कुठेच नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या आमच्या शिक्षक बांधवांना एक विनंती. त्यांच्यात जयभीमवाले पुष्कळ आहेत. अमेरिकेचे नाव धड्यात येईल त्या दिवशी मुलांना फळ्यावर तारखा लिहून देऊ नका. जलंबचा फाटा कोणी बांधला आणि कशासाठी, हे आधी विचारा. घरी कोणाची आजी जिनिंगमध्ये रुई निवडायला जात होती, हात वर करायला सांगा. तिला रोज किती मिळत होता, गाठ कुठे जात होती, हे त्या पोराने घरून लिहून आणावे. मग त्याच्यासमोर 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका ठेवा आणि ती त्याला मोठ्याने वाचू द्या.