लपलेला कर्नल आणि चुगलखोर वेळ

संगणक सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत जाऊन बसतो. त्याचा पत्ता ठरलेला असला तर घुसखोराचे काम सोपे होते. म्हणून दर वेळी त्याला वेगळ्या जागी बसवण्याची युक्ती निघाली. लिनक्समध्ये ती २०१४ साली आली.

पण लपायला जागा किती? नेहमीच्या ६४ बिटच्या इंटेल संगणकावर फार तर ५१२. कर्नलच्या मेमरीत डोकवायला साध्या प्रोग्रामला मज्जाव असतो. मात्र ‘या पत्त्यावरचे आधीच आणून ठेव’ असे प्रोसेसरला सांगून लागलेला वेळ मोजता येतो. तिथे खरेच काही असेल तर वेळ किंचित कमी लागतो. दार उघडत नाही, पण घरात कुणी आहे हे कळते! ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हे २०१६ मध्ये दाखवले. पुढे कर्नलचा नकाशा प्रोग्रामपासून वेगळा ठेवण्याचा उपाय आला. तरी प्रवेशापुरता एक तुकडा दिसता ठेवावाच लागतो. २०२२ मध्ये ‘एन्ट्रीब्लीड’ने नेमका त्यावरूनच पत्ता काढला.

नुसता पत्ता कळून चोरी होत नाही, त्याला कर्नलमधली दुसरी एखादी चूक लागते. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. जुन्या फोनला दुरुस्त्या पाठवणे कंपनीने थांबवले की माहीत असलेल्या चुकाही तशाच राहतात, आणि बचावाला उरतो हा लपंडाव. सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे फोनच्या खोक्यावर छापणे सरकारने सक्तीचे करावे.