पडद्यावरची गुळगुळीत लहर फसवी

ॲम्प्लिफायरचे सर्किट बनवण्याआधी ते संगणकावर तपासले जाते. त्यासाठीचे ‘स्पाइस’ सॉफ्टवेअर १९७३ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पुढे आले. त्याचे वंशज आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवरही असतात. पडद्यावर लहर गुळगुळीत दिसली की काम फत्ते, हा समज मात्र धोक्याचा. साध्या ‘ट्रान्झियंट’ चाचणीत नॉइज धरलेलाच नसतो!

खऱ्या सर्किटमध्ये तो टळत नाही. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलतात, म्हणून साधा रेझिस्टरही खरखर करतो. बेल लॅब्जच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी हे १९२८ मध्येच मांडले. या खरखरीमुळे सिग्नल ठरावीक पातळी ओलांडतो तो क्षण मागेपुढे सरकतो. हाच जिटर. हिशेब सोपा आहे: नॉइजला सिग्नलच्या चढाच्या वेगाने भागायचे. चढ नॅनोसेकंदाला १ व्होल्ट आणि नॉइज १ मिलिव्होल्ट असेल, तर जिटर १ पिकोसेकंद. चढ दहापट मंद झाला, की १० पिकोसेकंद. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या लिंकमध्ये एका बिटच्या वाट्याला येतात जेमतेम १०० पिकोसेकंद.

स्पाइसमधली नेहमीची ‘नॉइज’ चाचणीही इथे अपुरी पडते. ती सर्किट एकाच स्थितीत स्थिर आहे असे मानते. स्विच होणाऱ्या सर्किटमध्ये ती स्थिती क्षणाक्षणाला बदलते. तिथे ‘ट्रान्झियंट नॉइज’सारखी चाचणी हवी. ती वेळखाऊ आहे, हे खरे. पण चिप हातात आल्यावर दोष सापडला, तर नवे मास्क आणि काही महिन्यांचा खोळंबा ठरलेला. त्यामुळे महाविद्यालयांनी प्रोजेक्टला गुण देताना लहरीच्या चित्रासोबत जिटरचा आकडाही मागायला हवा.