चिखलातले बटन आणि डांबरीवरचा धोका



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी, खोडवा सोडून मोटारगाडीवर लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. मी शेतकी डिप्लोमावाला माणूस. यंत्राची विद्या माझी नव्हे. पण वर्षातले बरेच दिवस माझे पाणंदीत आणि फडात जातात, आणि अलीकडे या पाणंदींतून बैलगाडीपेक्षा उंच चारचाकी गाड्याच जास्त दिसतात. कष्टाच्या उसाच्या बिलातून आलेली गाडी दारात उभी राहते, याचा मला आनंदच आहे. मात्र या नव्या गाड्यांतील एका बटनाबाबत आपल्या शिवारात बेफिकिरी वाढली आहे. तिच्यावर स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

गेल्या गळीत हंगामातली, जानेवारीतली गोष्ट. कॅनॉलचे आवर्तन सुरू होते. एका सभासदाच्या उसाला तोड मिळाली नव्हती म्हणून प्लॉट बघायला गेलो आणि परत निघताना पाणंदीच्या काळ्या चिखलात माझी गाडी रुतली. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिनच मान टाकी. तेव्हा घसरत्या गाडीचे चित्र असलेले बटन दाबून धरले, ‘ऑफ’चा पिवळा दिवा पेटला, चाके गरगर फिरली आणि गाडी बाहेर निघाली. इथवर चूक काहीच नव्हती. त्या सभासदांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. त्यांना व त्यांच्या शाळकरी नातीला तालुक्याला यायचे होते, म्हणून दोघे गाडीत बसले. डांबरीला लागल्यावर पोर म्हणाली, “काका, ते पिवळं काय पेटलंय?” मी म्हटलं, “असू दे बाळ, चिखलाचा दिवा आहे तो.”

पुढे कॅनॉलच्या पुलाआधी वळण आहे. तिथे फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखल आणून टाकला होता. दिवस मावळलेला, आणि समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. माझा वेग पन्नास-पंचावन्नचा असेल. स्टिअरिंग एकदम वळवले, तसा गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, गाडी आडवी झाली आणि पुलाच्या दगडी कठड्याला मागून धडकून थांबली. कठड्यापलीकडे भरून वाहणारा कॅनॉल. आण्णा एवढंच म्हणाले, “साहेब, पोर हाय गाडीत.” ते शब्द अजून कानातून जात नाहीत. बटन चालू असते तर गाडी घसरलीच नसती, असे मी छातीठोक सांगणार नाही. पण राखणीला ठेवलेला गडी मीच रजेवर पाठवला होता, हे मात्र खरे.

हा गडी कोण? त्याला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. कंपनीपरत्वे ईएससी, ईएसपी अशी नावे. चारही चाकांचा वेग, स्टिअरिंग किती वळले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, यांची मोजमापे ही यंत्रणा सतत घेत असते. आपण वळवले तिकडे गाडी जात नाही असे दिसताच ती इंजिनची ताकद कमी करते आणि नेमक्या चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर जाऊ लागला तर मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. गाडी वळायचे सोडून सरळच जाऊ लागली तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. आपल्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे पट्टीच्या ड्रायव्हरलाही जमणारे नाही.

मग बंद करण्याचे बटन कंपनीने दिलेच कशाला? तर चिखल, वाळू, बर्फ यांच्यासाठी. चिखलात चाक थोडे गरगरले तरच टायरच्या नक्षीतली माती उडते. पण चाक गरगरले की ही यंत्रणा इंजिनला लगाम घालते. म्हणून रुतल्यावर तेवढ्यापुरती सुटका. उसाला पाणी पाजताना आपण सरीचे दारे फोडतो आणि सरी भरली की खोऱ्याने माती ओढून ते बांधतो. उघडे ठेवून घरी जाऊन झोपले तर सरी वाहून जाते आणि शेजाऱ्याशी भांडण होते ते वेगळेच. हे बटन म्हणजे तसलेच दारे आहे. काही गाड्यांत ठरावीक वेगानंतर यंत्रणा आपोआप चालू होते, काहींत गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावरच. माझी गाडी दुसऱ्या प्रकारची, आणि इंजिन मी बंद केलेच नव्हते.

जुने जाणते म्हणतात, “आम्ही उभी हयात जीप चालवली, तेव्हा कुठं होतं हे?” नव्हते, हे खरे. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा गाडीत आणली ती १९९५ मध्ये. १९९७ साली स्वीडनच्या एका मोटार नियतकालिकाने मर्सिडीजची लहान ए-क्लास गाडी अडथळा चुकवण्याच्या चाचणीत घेतली, तेव्हा ती उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली. अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याने २००७ मध्ये नियम करताना अंदाज मांडला, की एकट्या गाडीचे अपघात या यंत्रणेमुळे मोटारीत ३४ टक्के आणि उंच एसयूव्ही गाड्यांत ५९ टक्के कमी होतात. अशा अपघातांत गाडी उलटण्याचे प्रकार मोटारीत ७१ टक्क्यांनी, तर एसयूव्हीत ८४ टक्क्यांनी घटतात. आकडे नीट पाहा. गाडी जितकी उंच, तितका फायदा जास्त. आणि आपल्या शिवारात पसंती उंच गाडीलाच. आपल्या देशातही १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवायला ही यंत्रणा लागते. शिवाय जुनी जीप खडीच्या रस्त्यावर बेताने चाले; आजची गाडी महामार्गावर शंभराच्या वेगाने जाते. वेग वाढला, मग राखण नको म्हणून कसे चालेल?

बटन विसरणे ही एक चूक. दुसरी त्याहून वाईट. उसाच्या कडेला किंवा गोठ्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, चाकाजवळचा सेन्सर चिखलाने बिघडतो आणि दिवा कायमचा पेटून राहतो. मग कोणी तरी सल्ला देतो, “फ्यूज काढून टाका, कटकट मिटेल.” बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा आणि एबीएस यांचे युनिट एकच असते. फ्यूज काढला की एबीएसही जातो आणि पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही जाते. जोरात ब्रेक दाबला की मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका. दिव्याची कटकट मिटवायला आपण ब्रेकच अर्धा करून घेतो. हुमणी लागलेल्या उसाची पिवळी पाने कापून टाकली म्हणजे हुमणी गेली, असे म्हणण्यासारखेच हे.

आता विम्याचे. यावर चावडीवर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, बटन दाबले की विमा गेला. दुसरा म्हणतो, हप्ता भरलाय, कंपनी देईलच. दोन्ही चूक. बटन निर्मात्यानेच दिलेले आहे. ते दाबणे म्हणजे गाडीत फेरफार नव्हे आणि तेवढ्याने पॉलिसी रद्द होत नाही. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्याच्यासाठीचा विमा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा आहे, आणि त्या जखमी माणसाचा हक्क कायद्याने बराचसा राखला आहे. प्रश्न येतो तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. पॉलिसीच्या अटींत लिहिलेले असते, की मालकाने वाहनाच्या रक्षणाची वाजवी काळजी घ्यावी आणि ते कार्यक्षम स्थितीत ठेवावे. फ्यूज काढलेली गाडी कार्यक्षम कशी म्हणायची? इथे कंपनीला दावा अडवायला, कापायला किंवा वाद घालायला जागा मिळते, आणि ती जागा आपण हाताने करून दिलेली असते. हौसेने मोठे टायर घालणाऱ्यांचेही तेच. त्याने यंत्रणेची मोजमापे चुकू शकतात. शिवाय मूळ रचनेपासून मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

माझ्या गाडीचा सर्व्हेअर आला तेव्हा मी बटनाची हकिगत जशी घडली तशी सांगितली. दावा मंजूर झाला. मागचा बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा धरला, तेवढे पैसे पदरचे गेले. खोटे बोललो असतो तर तेही मिळाले नसते. दाव्याच्या अर्जात खोटी माहिती देणे हे बटनापेक्षा कितीतरी घातक. आणि यंत्रही आता साक्ष देते. अपघाताच्या क्षणाची माहिती साठवणाऱ्या यंत्राविषयीच्या अमेरिकेतील नियमांत स्थिरतेची यंत्रणा चालू, बंद की काम करीत होती, या नोंदीचाही समावेश आहे.

तेव्हा माझी विनंती थोडकी आहे. रुतल्यावर आधी बटन न दाबता प्रयत्न करा. नाहीच निघाली तर दाबा. डांबरीला लागण्याआधी थांबा, टायरचा चिखल खरवडा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा आणि पिवळा दिवा विझला का ते पाहा. चालताना दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे, आपण वेग कमी करायचा. कायम पेटला तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवा. आणि गुळगुळीत टायर व अफाट वेग यांवर या यंत्रणेकडेही औषध नाही, हे विसरू नका.

एक बोट स्वतःकडेही वळवतो. त्या वळणावरचा चिखल आणि बिनदिव्याची ट्रॉली हंगामाचीच देणगी होती. वाहतूक करारात मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांची अट कडकपणे पाळली जावी आणि फडाच्या तोंडाशी रस्त्यावर पडलेला चिखल त्याच दिवशी ओढून टाकण्याची जबाबदारी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हंगामापूर्वीच्या बैठकीत ते मी मांडणार आहे. सभासदांनीही मागे लागावे.

आण्णांची नात आता माझ्या गाडीत बसली की आधी डॅशबोर्डकडे बघते आणि मग पट्टा लावते. मला त्याचा राग येत नाही. आपल्याही घरच्या पोरांना तो दिवा ओळखायला शिकवा.



आपला,
ऊस विकास अधिकारी